पंचविसावी जागा

आजही कुठला फॉर्म भरायला घेतला, बँकेचा असो, गॅसचा असो नाहीतर भाचीच्या शाळेचा, मी आधी त्यात 'इतर' कुठे आहे ते बघते. असला की मला सरांची आठवण येते. नसला की जास्त येते, आणि मग दिवसभर माझं डोकं फिरलेलं असतं. घरचे म्हणतात, अगं कागदावर कसली चिडतेस? मी काही सांगत बसत नाही. कुठून सुरुवात करणार?

सरांना 'इतर' या शब्दाचा राग होता. राग म्हणजे साधासुधा नाही. कोणाच्या तोंडून तो शब्द आला तरी ते चष्मा काढून टेबलावर ठेवायचे. चष्मा टेबलावर आला की आम्ही समजायचो, आता अर्धा तास गेला.

कल्याणातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये मी ॲडमिशन काउंटरला लागले, तेव्हा सर तिथे ऑफिस सुपरिंटेंडेंट होते. जिन्याखालच्या खोलीत बसायचे. खरं काम हजेरी, रजा, आवक-जावक असलं. पण हॉस्पिटलमधला एकूण एक फॉर्म सर स्वतः बनवायचे, कॉम्प्युटरवर, वर्डमध्ये. नुसता छापून पेनाने भरायचा नव्हे, स्क्रीनवरच भरायचा. त्यात करड्या रंगाच्या पट्ट्या असायच्या. टॅब दाबला की कर्सर उडी मारून पुढच्या पट्टीत जायचा. जिथे उत्तरं ठरलेली, तिथे बाणावर क्लिक केलं की यादी उघडायची. बाकीचा सगळा मजकूर कुलूपबंद. तुम्ही कीबोर्ड आपटून मोडलात तरी सरांनी लिहिलेला एक काना हलायचा नाही. कुलपाचा पासवर्ड सरांच्या डोक्यात.

नवा फॉर्म तयार झाला की त्याची तालीम व्हायची. हो, तालीम. सर मला खुर्चीत बसवायचे आणि स्वतः काउंटरच्या पलीकडे जाऊन उभे राहायचे.

"मी अनसूयाबाई. आंबिवलीहून आलेय. चष्मा घरी राहिलाय. मुलगा खाली रिक्षावाल्याशी वाद घालतोय. हं, विचार."

"नाव काय, आजी?"

"आधी बस म्हण! बाईला दम लागलाय, तुला दिसत नाही?"

आणि मग ते अनसूयाबाई होऊन खोकायचे. एकदा इतके हुबेहूब खोकले की वरून सिस्टर धावत आली. तिने सरांची नाडी बघितली, मग माझ्याकडे असं काही बघितलं, जसं मीच त्यांना खोकायला लावलं होतं. सरांना त्याचं काही नाही. ते म्हणाले, "सिस्टर, पाच मिनिटं थांबा, आमचा पत्त्याचा रकाना व्हायचाय."

त्यांचं म्हणणं असं की, फॉर्म भरायला आलेल्या माणसाचा तो आयुष्यातला एक वाईट दिवस असतो. त्याला प्रश्न विचारताना मनातून तरी खुर्ची द्यायची. त्यांच्या फॉर्मात ठळक अक्षरं नव्हती, उद्गारचिन्हं नव्हती, 'अनिवार्य' हा शब्द कुठेही नव्हता. पण रकाना रिकामा ठेवून पुढे मात्र जाता यायचं नाही. कर्सर गुपचूप परत तिथेच येऊन बसायचा आणि प्रिंट काही निघायची नाही. "आपण विचारलंय ना? मग उत्तर ऐकल्याशिवाय उठायचं नाही," असं सर म्हणायचे.

वर्डच्या फॉर्ममध्ये एक सोय आहे, बहुतेकांना माहीत नसते. प्रत्येक रकान्यासाठी मदतीची एक ओळ लिहून ठेवता येते. कर्सर त्या रकान्यात गेला की ती स्क्रीनच्या अगदी तळाला बारीक अक्षरांत उमटते. तिकडे कोणी बघत नाही. सरांनी त्या ओळी लिहिण्यात रविवारचे रविवार घातले होते. वयाच्या रकान्याला: 'नक्की माहीत नसेल तर अंदाजे चालेल. वाद घालू नये.' पत्त्याला: 'देवळाच्या मागे असं सांगितलं तर तसंच लिहावं. पोस्टमन शहाणा असतो.' फोन नंबरला: 'घाबरल्यावर स्वतःचा नंबर आठवत नाही. रागावू नये.' आणि नात्याच्या रकान्याला: 'पेशंटच्या सगळ्यात जवळचं कोण, ते शांतपणे विचारावं.'

मी त्या ओळी बघून हसायचे. "सर, वाचतं कोण हे?"

"तू वाचलीस ना?" ते म्हणायचे. झालं, विषय संपला.

आता 'इतर'. "इतर म्हणजे फॉर्म बनवणाऱ्याचा आळस," चष्मा टेबलावर ठेवून ते सांगायचे. "माणूस आपल्या दारात आलाय, आणि आपण त्याला सांगतोय की बाबा, तू कोण ते आम्हाला सुचलं नाही, बाजूला उभा राहा. हे उद्धटपणाचं आहे." म्हणून त्यांच्या कुठल्याही यादीत इतर नसायचं. त्याऐवजी ते शोधायचे. आयसीयूच्या फॉर्ममधली नात्यांची यादी करायला ते कित्येक दुपारी ओपीडीच्या बाकड्यावर जाऊन बसले होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, "आपण यांचे कोण?" लोकांना वाटायचं हे म्हातारबुवा लग्न जमवतात की काय!

यादी भलतीच लांबली. तेव्हा त्यांना कळलं की वर्डच्या त्या जुन्या पद्धतीच्या यादीत पंचवीसच पर्याय बसतात, सव्विसावा ते घेतच नाही. पहिली जागा 'निवडा' या शब्दाला गेली. उरलेल्या जागांसाठी सरांनी जी काय भांडणं केली! स्वतःशीच हो, दुसरं कोण भांडणार? आत्या आणि मावशी वेगळ्या की एकत्र? व्याही येतात का दवाखान्यात? एकदा जेवणाच्या सुट्टीत डबा उघडा टाकून माझ्याकडे आले. "अगं, साडू राहिला!"

"राहू दे की सर. साडू कोण बघायला येतो?"

"आज सकाळी आला होता एक. शहाडचा. सगळ्यांत आधी तोच आला." स्वतः सरांना ना बायको, ना मेहुणी, ना साडू. पण साडूला जागा मिळालीच पाहिजे म्हणून हट्ट. पंचविसाव्या जागेवर तेव्हा 'मित्र' होता, त्याला हात लावला नाही; शेवटी चुलत सासऱ्यांना बाहेर काढून साडूला आत घेतलं. 

ही हकीकत मी ज्यांच्यासमोर पहिल्यांदा रंगवून सांगितली ते म्हणजे फिटर. फिटर सरांबरोबर राहायचे. आंबिवलीच्या एका कारखान्यात फिटर होते, तो बंद पडला, पण लोकांच्या तोंडी नाव राहिलं. तरुणपणी दोघं एकाच खोलीत भाड्याने राहायचे, आणखी चार-पाच जणांत. बाकीच्यांची लग्नं होत गेली, खोली रिकामी होत गेली, हे दोघे उरले. मग दोघांनी मिळून ठाकुर्लीला एक छोटा फ्लॅट घेतला. लोक काहीबाही बोलायचे. मला विचाराल तर मला माहीत नाही, आणि माहीत करून घेण्याची गरजही कधी वाटली नाही. एका घरात दोन माणसं इतकी वर्षं एकमेकांच्या औषधाच्या वेळा सांभाळत राहिली, एवढं मला दिसायचं. आमच्या बिल्डिंगमधल्या किती नवरा-बायकोंत तेवढं दिसतं?

फिटर दुपारी डबा घेऊन यायचे. सर डबा मुद्दाम विसरतात असा माझा पक्का संशय होता. फिटर कोकणातले, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. सरांना ते 'मास्तर' म्हणायचे. सरांनी जन्मात कधी शिकवलं नव्हतं, तरी मास्तर.

"काय गं पोरी, मास्तर कुठंय?"

"आत आहेत. नवीन फॉर्म चाललाय."

"नवीन काय त्यात! घरात पण तेच. भाजीत मीठ किती टाकू विचारलं तर हा बघत बसतो. मी म्हणतो, फॉर्म भरून झाला काय रे तुझा? झाला की सांग, तोवर भाजी उतरवतो."

हे त्यांचं नेहमीचं होतं. सर कुठेही विचारात हरवले, रस्ता ओलांडताना थबकले, चहाचा कप हातात धरून बसले, की फिटर म्हणायचे, "फॉर्म भरून झाला काय?" आणि सर दचकून म्हणायचे, "होत आला, होत आला."

मी एका रविवारी त्यांच्या घरी गेलेले. सर शाकाहारी, अगदी कट्टर. आणि ओट्यावर ओले बोंबील. फिटरांचा गुडघा दुखायचा म्हणून सरच बाजारात जाऊन घेऊन आले होते, नाकाला रुमाल लावून. कोळणीशी घासाघीस करायलाही शिकलेले. "ती म्हणते, साहेब तुम्ही खाता का तरी? मी म्हटलं, नाही, मी फक्त निवडतो," सर सांगत होते आणि फिटर पोट धरून हसत होते. जेवायला बसलो, तेव्हा सरांनी आपलं ताट खिडकीपाशी घेतलं, वास नको म्हणून, पण बोलत राहिले आमच्याशीच. त्या घरात मला फार बरं वाटलं होतं. त्या दुपारचा विचार केला की अजून वाटतं.

मग ती दलालाची भानगड झाली. एक म्हातारी आयसीयूत होती, चाळीतली खोली तिच्या नावावर. एक माणूस तिचा 'मित्र' म्हणून पास घेऊन तीन दिवस आत-बाहेर करत होता. फळं काय, बिस्किटं काय, सिस्टरशी गोड बोलणं काय. शेवटी म्हातारीची मुलगी आली, तेव्हा कळलं की हा जागांचा दलाल, आणि त्याने तिचा अंगठा घेतलाय कसल्याशा कागदावर. मुलगी माझ्या काउंटरवर उभी राहून किंचाळली, "कोणी सोडलं ह्याला आत? माझी आई मरायला टेकली होती हो!" कागद पुढे रद्द झाला, खोली वाचली. पण ते किंचाळणं सरांनी जिन्याखाली बसून ऐकलं होतं.

त्याच संध्याकाळी त्यांनी कुलूप उघडलं आणि पंचविसाव्या जागेवरचा 'मित्र' पुसून टाकला. तिथे चुलत सासरे परत आले. आयसीयूचा पास फक्त यादीतल्या नात्यालाच, असा नियमही त्यांनी लिहून काढला आणि ठाण्याला ट्रस्टच्या मीटिंगमध्ये जाऊन मंजूर करून आणला. तिथे कोणीतरी म्हणालं म्हणे, की राहू द्या ना एक इतर, अडीअडचणीला. सरांनी चष्मा काढला. बिचाऱ्या ट्रस्टींना जेवायला उशीर झाला असणार.

नियम झाल्यावर सर तो पाळण्यात सगळ्यांच्या पुढे. एका ट्रस्टींचे मेहुणे बिनपासाचे आत निघाले, तर सर जिन्यात आडवे उभे राहिले. वॉचमनला सांगून ठेवलं, "मी जरी बिनपासाचा आलो तरी सोडायचं नाही." वॉचमन हसला. तेव्हा सगळेच हसलो.

फिटरांना मी हे सांगितलं, तेव्हा ते तेवढे हसले नाहीत. डबा काउंटरवर ठेवत म्हणाले, "म्हणजे साडू आत, आणि मी बाहेर काय?" सर आतून येत होते, त्यांनी ऐकलं. म्हणाले, "तुला कुठे काय होतंय? घोड्यासारखा तर आहेस." आणि दोघं जेवायला गेले.

सर रिटायर झाले. पासवर्ड पाकिटात घालून, लाख लावून ट्रस्टच्या ऑफिसात, ठाण्याला जमा केला. लाख! मला म्हणाले, "फॉर्म बदलायचाच झाला तर शांत डोक्याने, तालीम करून बदलायचा. आणि एक लक्षात ठेव, माणूस समोर उभा असताना त्याच्यासाठी फॉर्म बदलायचा नाही. मग तो फॉर्म त्या एकट्याचा होतो. बाकीच्यांनी जायचं कुठे?" मी मान हलवली. मला तेव्हा ते पटलंही होतं.

त्यानंतर दीडेक वर्षाने असेल, सकाळीच ॲम्ब्युलन्स आली आणि मागोमाग रिक्षातून सर उतरले. पायात दोन वेगळ्या चपला. फिटरांना घरात घाम फुटला होता आणि ते ओट्यापाशीच खाली बसले होते. डॉक्टरांनी लगेच आयसीयूत घेतलं, उपचार सुरू केले, त्यात कोणी काही अडवलं नाही हे आधी सांगते. मग सर माझ्या काउंटरपाशी आले. इतकी वर्षं तालमीत उभे राहायचे, तिथेच.

मी आधी बसा म्हटलं. ते बसले नाहीत.

पेशंटचं नाव, वय, पत्ता मी विचारलंच नाही, मला पाठ होतं. सोबतच्या माणसाचं नाव, तेही टाकलं. टॅब दाबला. कर्सर नात्याच्या रकान्यात गेला आणि स्क्रीनच्या तळाला बारीक अक्षरांत ओळ उमटली: 'पेशंटच्या सगळ्यात जवळचं कोण, ते शांतपणे विचारावं.'

मला काही विचारता येईना. मी बाणावर क्लिक केलं. यादी उघडली. आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो, मी समोरून आणि ते वाकून. पती, पत्नी, मुलगा, मुलगी, सगळं गणगोत. साडू. चुलत सासरे.

"सर, मी भाऊ टाकते," मी म्हटलं आणि टाकलंही.

त्यांनी काउंटरवरून हात आत घालून माझा हात धरला. "नको. आडनाव वेगळं आहे. आणि खोटं आहे ते."

"अहो सर, कोण बघतंय!"

"मी बघतोय ना."

"मग तुमचा पासवर्ड सांगा, आत्ता मित्र घालते."

"माणूस समोर असताना फॉर्म बदलायचा नाही." हे ते स्वतःबद्दल बोलत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि राग असा आला की म्हटलं उठून यांना गदागदा हलवावं. एवढा कसला हट्ट? कोणासाठी? आत तो माणूस पडलाय आणि तुम्ही कसले नियम सांगताय? हे सगळं मी बोलले त्यांना, मनातल्या मनात नाही, तोंडावर बोलले. मागे रांग उभी होती, तिने ऐकलं. सर म्हणाले, "डॉक्टर म्हणाले आता स्थिर आहे. त्याच्या पुतण्याला मी फोन केलाय, गावाहून निघालाय. उद्या येईल. तो पुतण्या आहे, यादीत आहे. त्याच्या नावावर पास होऊ दे."

आयसीयूची सिस्टर, तीच नाडी बघणारी, खाली येऊन म्हणाली, "सर, चला ना वर. तुम्हाला कोण अडवणार आहे?" वॉचमन तर जिन्याच्या बाजूला सरकून उभाच राहिला होता. सर म्हणाले, "पास नाहीये माझ्याकडे." आणि बाकड्यावर जाऊन बसले. त्यांना वाटलं वेळ आहे. आम्हाला सगळ्यांनाच वाटलं होतं. डॉक्टरच म्हणाले होते ना स्थिर आहे म्हणून.

दुसऱ्या दिवशी पुतण्या आला. चाळिशीचा, भला माणूस, प्रवासाने आंबलेला. काकाला त्याने धड ओळखलंही नसतं, लहानपणी कधीतरी गणपतीत बघितलेलं. त्याला पास मिळायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. नातं: पुतण्या. प्रिंट निघाली. तो वर गेला आणि थोड्या वेळाने खाली आला, गोंधळलेला.

"काका शुद्धीत आहेत," तो सरांना म्हणाला. "मला नाही ओळखलं त्यांनी. पण ते सारखं एकच विचारतायत. मास्तरचा फॉर्म भरून झाला काय, म्हणून. कसला फॉर्म हो?"

सर उभे राहिले. मी त्यांना इतकं पटकन उठताना कधी बघितलं नव्हतं. "सांग त्याला," ते म्हणाले, "होत आला म्हणावं. आलोच."

पुतण्या वर पळाला आणि सर सरळ काउंटरच्या आत आले, माझ्या खुर्चीपाशी. "उठ," म्हणाले. कोरा फॉर्म उघडून कुलूप काढायला गेले. पासवर्ड टाईप केला. चुकीचा. परत टाईप केला. चुकीचा. मी म्हटलं, "सर, कीबोर्ड मराठीत आहे," कारण मी आत्ताच त्या पुतण्याचा पत्ता मराठीत टाकला होता आणि पासवर्डच्या चौकटीत नुसते ठिपके दिसतात, काय उमटतंय ते कळत नाही. त्यांनी ऐकलंच नाही. ते परत परत तेच टाईप करत होते. मी मधे हात घालून कीबोर्ड बदलला. मग कुलूप निघालं. नात्याची यादी उघडली. पंचविसावी जागा.

तेवढ्यात पुतण्या जिन्यातून खाली आला. तो पळत नव्हता, त्यावरूनच मला कळलं.

सरांना कळलं नव्हतं. ते यादीकडे बघत म्हणाले, "झालंच हं, एक मिनिट."

पुढचं सगळं रीतसर झालं. पुतण्याने केलं. सह्या त्याच्या, सामान त्याच्या ताब्यात, घड्याळ आणि कवळी. सर स्मशानात मागे उभे होते, बिल्डिंगमधल्या लोकांत. दहाव्याला पुतण्या गावी निघून गेला. जाताना सरांच्या पाया पडला म्हणे, एवढं बरं केलं त्याने.

महिन्याभराने एका दुपारी सर आले. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा, फक्त अंगात लोंबत होता. ठाण्याहून ट्रस्टची परवानगी घेऊन आलेले, लेखी. फॉर्ममध्ये दुरुस्ती करायची म्हणून. माणूस समोर नव्हता, डोकं शांत होतं, सगळं त्यांच्या नियमात बसत होतं. मी माझी खुर्ची दिली. ते बसले आणि त्यांनी कुलूप उघडलं. मला वाटलं 'मित्र' लिहितील. त्यांनी लिहिलंही, मग खोडलं. आणखी काही काही लिहून बघितलं आणि खोडलं. मी बघायचं टाळत होते. पेशंट येत होते, मी बाजूच्या टेबलावर हाताने कागद भरून देत होते.

"सापडत नाही गं," शेवटी म्हणाले. "शब्द सापडत नाही. इतकी वर्षं बाकीच्यांचे शोधले."

मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि साडूला काढून तिथे 'इतर' लिहिलं. कुलूप लावलं.

"तालीम करू," म्हणाले.

मी खुर्चीत बसले. ते काउंटरच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. मला वाटलं अनसूयाबाई येईल, खोकेल. मी म्हटलं, "बसा ना."

ते बसले. मी विचारलं, "पेशंटचं नाव?" त्यांनी फिटरांचं नाव सांगितलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. वय सांगितलं. पत्ता ठाकुर्लीचा सांगितला. "सोबत कोण?" स्वतःचं नाव सांगितलं. मी टॅब दाबला. तळाला ती ओळ उमटली. ह्या वेळी मी शांतपणे विचारलं.

"इतर," सर म्हणाले.

मी निवडलं. प्रिंटरने एकदा घरघर केली आणि कागद बाहेर आला. सरळ, एका फटक्यात, काही अडलं नाही.

"निघाला की गं," सर म्हणाले आणि ओक्साबोक्शी रडायला लागले, तिथेच, सगळ्या रांगेसमोर. रांगेतल्या एका बाईने त्यांना पाण्याची बाटली दिली. माझं मला कळलं नाही, पण हात सवयीने चालत होते. मी कागदावर शिक्का मारला, त्यांची सही घेतली आणि पिवळा पास फाडून त्यांच्या हातात दिला.

पास दिल्यावर आम्ही एक वाक्य म्हणतो, प्रत्येकाला म्हणतो. वर जा, डावीकडे वळा, चपला बाहेर काढा. सर पास हातात धरून माझ्याकडे बघत थांबले होते. मला ते वाक्य म्हणता आलं नाही.